हातचलाखी आणि सचोटी

नवा जादूचा प्रयोग सुचावा कसा, असे चोपड्यास विद्यार्थ्यांनी विचारले, तेव्हा आम्हांस दादासाहेब फाळके आठवले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी ते जादूचे खेळ करीत आणि आपलेच आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवीत. कल्पनेचा पहिला व्यायाम हाच: परिचित गोष्ट उलटी करून पाहावी. नाणे नाहीसे करण्याऐवजी, ते टाकले तरी पुन्हा हाती येते असे दाखविता येईल काय?

परंतु हे फसविण्याचेच शिक्षण नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. खेळास बसलेला प्रेक्षक फसण्यास राजी असतो. तोच हात अंगारा काढून त्यास दैवी म्हणू लागला, की कला संपली व कपट सुरू झाले. म्हणून अखेरचा व्यायाम असा: ‘ही हातचलाखी आहे’ हे आधीच कबूल करावे, आणि तरीही आश्चर्य उरते काय, ते पाहावे.