मित्राची ओळख

अहो, मित्र मोजावयाचे तर पंगतीत मोजू नयेत. मनुष्यस्वभाव मोठा गमतीचा! उसने मागायचे असले की आपण कोसावरून ओळखू येतो. फेडायचे असले की समोरून गेलो तरी दिसत नाही.

मग मित्र कोण? परंपरा सांगते की, शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. गेलेल्या माणसाकडून कुणाला काय मिळायचे? तरी नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या आणि पंढरपुरी महाद्वारापाशी समाधी बांधली.

पण समाधी झाली ती दाराबाहेर. चोखोबांच्या लोकांना आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजी उपोषणास बसले तेव्हा. मधली सहाशे वर्षे लोक काय करीत होते? समाधीपुढे वाकत होते आणि सरळ आत जात होते! पाया पडणे सोपे, बरोबर घेणे कठीण.

आपणही कुणाला ओटीवरच बसवून ‘जिवलग’ म्हणतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.