लक्षाची शिल्लक

नव्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा जे जाणवते, ते बहुधा नव्या गाडीचे नसतेच. क्लच फार हलका वाटतो, कारण पाय जड क्लचला सरावलेला असतो. गाडी उभी असताना इंजिन बंद पडले की काय असे वाटते, कारण कानाला घरघर ऐकण्याची सवय असते. स्टिअरिंग बोटाने फिरते आणि त्यात सुख वाटण्याऐवजी आधी संशय येतो. मोजायची वस्तू नवी, पण माप जुने. त्यामुळे सुरुवातीच्या नोंदी मापाबद्दलच जास्त बोलतात. मारुती ८०० देऊन नवी हॅचबॅक घेतल्यापासून मी या नोंदींकडे बारकाईने पाहतो आहे. ही संधी फार टिकत नाही. एकदा सवय झाली की गाडी दिसेनाशी होते आणि फक्त रस्ता उरतो.

मारुती ८०० ला आमच्या भागात इतरांपेक्षा जास्त आयुष्य लाभले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा शहरांच्या बाजारातून हटली, कारण तिथे प्रदूषणाचे बीएस-४ निकष लागू झाले. त्या यादीत मुंबई-पुणे होते, सोलापूरही होते. नागपूर नव्हते, मग चंद्रपूर-गडचिरोलीचे नावच कशाला? उरलेल्या भारतासाठी ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. शहराने टाकून दिलेले तंत्र आडबाजूच्या जिल्ह्यात आणखी काही वर्षे नवे म्हणून मिळते. त्याचा राग मानावा की उपकार, हे ठरवणे अवघड आहे, कारण ते तंत्र कोणत्याही मिस्त्रीला उघडता येत होते.

दोन्ही गाड्यांना लोक ‘छोटी गाडी’च म्हणतात, पण त्यांचा छोटेपणा दोन वेगळ्या कायद्यांनी घडवला आहे. मारुती ८०० जपानमधल्या ‘केई’ गाड्यांच्या घराण्यातली. तिथल्या त्या काळच्या नियमाने अशा गाडीला ३.२ मीटर लांबी, १.४ मीटर रुंदी आणि ५५० सीसीचे इंजिन एवढीच मुभा होती. भारतात येताना इंजिन ७९६ सीसीचे झाले, पण अंगकाठी जवळपास तीच राहिली. नव्या गाडीचा साचा आपल्याच अर्थसंकल्पाचा. २००६ मध्ये चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले, आणि कंपन्या गाडीची शेपटी चार मीटरांच्या आत कापून बसवू लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा गाड्यांवरचा जीएसटीचा दर १८ टक्के झाला, तेव्हाही मोजपट्टी तीच राहिली. कायद्याने लांबी बांधली, रुंदी मोकळी सोडली. म्हणून जुनी गाडी १.४४ मीटर रुंद होती आणि आजच्या बहुतेक हॅचबॅक १.७ मीटरच्या आसपास आहेत.

हा वितीपेक्षा थोडा जास्त फरक कागदावर काहीच नाही. चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी, एका बाजूला बंडी आणि दुसऱ्या बाजूला उभा ट्रॅक्टर असताना, तो फार मोठा असतो. जुन्या गाडीत अशा फटीतून मी कधीच अंतर मोजून गेलो नाही. गाडी जाईल की नाही हे खांद्यांना कळत असे. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी १९११ मध्ये लिहून ठेवले आहे की माणसाच्या मेंदूतला देहाचा नकाशा कातडीपाशी संपत नाही. टोपीत पीस खोवणाऱ्या बाईच्या बाबतीत तो त्या पिसाच्या टोकापर्यंत जातो. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये त्याच मुद्द्याला मोटारगाडी जोडली: सरावलेला चालक रस्त्याची आणि गाडीची रुंदी ताडून पाहत नाही, दारातून आत शिरताना आपण जसे अंग मोजत नाही तसेच. नवी गाडी घेणे म्हणजे हा नकाशा पुसून पुन्हा काढणे. डावा कोपरा नेमका कुठे संपतो ते अंगाला कळेपर्यंत आपण आपल्याच गाडीत पाहुणे असतो.

रुंदीचा नकाशा पुन्हा काढता येतो. काही ज्ञान मात्र नुसते विसरावे लागते. जुन्या गाडीला एबीएस नव्हते. ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबला तर चाके लॉक होत, गाडी घसरत जाई आणि स्टिअरिंग निरुपयोगी ठरे. म्हणून पायाला एक विद्या शिकवलेली असे: दाब, सोड, दाब, सोड. नव्या गाडीत हीच विद्या अपायकारक आहे. इथे पेडल पूर्ण दाबून धरायचे असते. दाबण्या-सोडण्याचे काम यंत्र एका सेकंदात कितीतरी वेळा करते आणि पायाला फक्त थरथर जाणवते. वर्षानुवर्षे घोटलेले शहाणपण पायातून निघून यंत्रात गेले आणि पायाकडे उरली ती त्याची पोच. मला नव्या गाडीतली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटली. पडदा नाही, मागचा कॅमेरा नाही; त्या थरथरीत एका कौशल्याचे निवृत्त होणे आहे.

जुनी गाडी माझ्याशी बोलायची, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. काचा खाली असत, त्यामुळे आलापल्लीच्या सागवानात शिरल्याचे हवेच्या गारव्यानेच कळे आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा वास गावाच्या आधी भेटे. इंजिनाचा सूर बदलला की चढ जाणवे. नव्या गाडीत एसी लावून काचा बंद केल्या की बाहेरचे जंगल नुसते दृश्य होते. बिघाडाचीही तऱ्हा बदलली. पूर्वी बॉनेट उघडून चार माणसे आत डोकावत आणि पाचवा इलाज सांगे. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि त्याचा अर्थ स्कॅनरलाच कळतो. अवलंबून आपण तेव्हाही होतो, आताही आहोत. पूर्वी रस्त्यावरच्या माणसांवर होतो, आता शहरातल्या सर्व्हिस सेंटरवर. एटापल्ली-भामरागडच्या ज्या पट्ट्यात मोबाइलची रेंजही दगा देते, तिथे हा फरक पुस्तकी राहत नाही.

तरीही या जवळिकीचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. यंत्राशी आपले नाते जडले ते यंत्र अपुरे होते म्हणून. जिथे ते कमी पडे तिथे माणसाने स्वतःचे कान, पाय आणि नशीब लावले. देशात नव्या गाड्यांना एबीएस, चालकाची एअरबॅग, सीटबेल्टचा आणि वेगाचा इशारा २०१९ पासून सक्तीचा झाला. त्याआधीची असंख्य कुटुंबे यांतले काहीही नसताना फिरत होती. पुण्यात एअरबॅग उपयोगी आहे. गडचिरोलीत ती त्याहून मोलाची आहे. जिल्ह्याला रेल्वे आहे ती वडशाला. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून जवळपास दोनशे किलोमीटरवर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी पावसाळ्यागणिक येते. दवाखाना जितका लांब, तितकी न झालेल्या जखमेची किंमत जास्त.

मग पूर्वी कान आणि पाय ज्या कामाला जुंपलेले असत, त्यातून यंत्राने मोकळे केलेले लक्ष जाते कुठे? याचे एक उत्तर म्युनिकच्या टॅक्सींनी देऊन ठेवले आहे. १९८० च्या दशकात तिथल्या एका टॅक्सी ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस बसवून बाकीच्यांशी त्यांची तुलना केली गेली. ब्रेक चांगले असूनही अपघातांत लक्षणीय घट दिसली नाही. एबीएसवाले चालक वळणे जोरात घेत, जास्त दामटून चालवत. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात मोडून टाकली. जगभरच्या अभ्यासकांत या निष्कर्षावर वाद झाले, पण कोणताही प्रामाणिक चालक त्यात स्वतःला ओळखेल. शांत इंजिनाच्या गाडीत साठचा वेग चाळीससारखा वाटतो. जुन्या गाडीत साठला सगळे अंगच हादरायचे, आणि ते हादरणे हाच तिचा वेगाचा इशारा होता.

नव्या गाडीचा इशारा ताशी ८० किलोमीटरला वाजतो. हा आकडा साऱ्या देशासाठी आहे. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे रस्त्याकडेच्या झाडाखाली वाकून फुले वेचणाऱ्या बाया, डांबरावर वाळत घातलेले धान, झाडीपट्टीचे रात्रभराचे नाटक पाहून झोपाळलेल्या डोळ्यांनी परतणारी दुचाकी, लोहखनिजाच्या ट्रकमागून अचानक बाहेर येणारी सायकल, कुरखेडा-आरमोरी भागात २०२१ पासून वावरणारा रानटी हत्तींचा कळप, यांतल्या कशासाठीही तो वाजत नाही. रपट्यावरून किती पाणी वाहते आहे, हेही माझी गाडी सांगू शकत नाही. चहाच्या टपरीवर लोक विचारतात, “भाऊ, ॲव्हरेज किती देते?” प्रश्न व्यवहाराचा आहे आणि रास्तही आहे, पण गाडी आणखी एक गोष्ट वाचवते, चालकाचे लक्ष; तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

एअरबॅग आतल्यांना वाचवते. बाहेरच्याच्या वाट्याला फक्त अंतर येते: गाडी थांबायला लागणारे अंतर, आणि चालकाला वेळेवर दिसण्याचे अंतर. चांगल्या ब्रेकने मिळालेले काही मीटर मी वेगात खर्चले, तर नव्या गाडीचा सारा लाभ काचेच्या आतच राहतो. म्हणून जंगलातल्या रस्त्यावर मी वेग जुन्या गाडीचा ठेवतो आणि ब्रेक नव्या गाडीचे वापरतो. त्यातून जे मीटर शिल्लक राहतात, ते रस्त्यावर चालणाऱ्याचे.