श्रम आणि परिहार

दीर्घ चालीनंतरची विश्रांती ही नुसत्या रिकामपणाहून वेगळी गोष्ट आहे. चेन्नईहून पाठपिशव्या घेऊन निघालेले तरुण निलगिरीच्या डोंगरांत काही दिवस पायी हिंडतात आणि अखेरीस उदगमंडलम् किंवा कुन्नूर येथे येऊन टेकतात. ओझे उतरल्यावर खांद्यांना येणारा हलकेपणा, आंघोळीचे कढत पाणी, पेलाभर चहा आणि उद्या कोठेही पोहोचावयाचे नाही ही जाणीव, या साध्या गोष्टींना त्या वेळी जी गोडी असते, ती शहरातल्या रविवारी त्यांना नसते. हा विसावा आपण कमावलेला आहे, असे त्या चालणाऱ्याला वाटते. हे वाटणे कितपत खरे, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे.

त्या वाटण्यात तथ्य नाही असे नाही. १८३४ साली मद्रास बंदरात उतरलेला मेकॉले, गव्हर्नर जनरल बेंटिंक याला भेटण्यासाठी याच उटकमंडला गेला. सुमारे चारशे मैलांचा तो प्रवास त्याने माणसांच्या खांद्यांवरून केला. थकले ते भोई आणि थंड हवेत विसावला तो मेकॉले. ज्या गावी तो विसावला, ते गावही असेच घडत होते. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने १८२२ मध्ये तेथे घर बांधावयास घेतले, मद्रासचा गव्हर्नर लशिंग्टन याने त्या स्थानाला उत्तेजन दिले, आणि पुढे तर मद्रास सरकारच उन्हाळ्यात आपल्या दप्तरांसह वर जाऊ लागले. ज्या कुरणांवर हे नगर वसले, ती तोडा लोकांची होती. त्यांच्या जमिनीवरील हक्काची बाजू खुद्द सलिव्हननेच मांडली होती, हेही नमूद केले पाहिजे. तात्पर्य, गिरिनगराची मूळ कल्पना अशी की श्रम एकाने करावेत आणि त्यांचा परिहार दुसऱ्याचा व्हावा.

आपले ओझे आपल्याच पाठीवर वाहणारा आजचा पदयात्री हे मेकॉलेला दिलेले उत्तर आहे, असे वरवर पाहता म्हणता येईल. परंतु येथे दोन भेद लक्षात घ्यावे लागतात. पहिला असा की, पदयात्रीचा थकवा त्याने स्वतः निवडलेला असतो. भोयाला ती निवड नव्हती. दुसरा भेद अधिक अवघड आहे. चालताना तो स्वतःच्या पायांवर असतो, पण विसावताना नाही. पाणी कोणी तरी तापवलेले असते, अंथरूण कोणी तरी घातलेले असते. त्याच्या पेल्यातील चहाची पाने उतारावर उभे राहून जिने खुडली, तिच्याही पाठीवर ओझे असते. निलगिरीच्या मळ्यांतील कित्येक कुटुंबे १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर लंकेतून परत आलेल्या तमिळांची आहेत. त्यांनाही दूरचा प्रवास घडला; पण त्याच्या अखेरीस त्यांच्या वाट्याला विसावा नव्हे, तर काम आले.

यावर एक रोकडे उत्तर नेहमी दिले जाते : पदयात्री या सर्वांचे पैसे मोजतो. ते खरेच आहे, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पैशाने श्रमाचे मोल होते. थकव्याचा परिहार होतोच असे नाही. मजुरी हाती पडूनही ज्याला टेकावयास जागा नाही आणि सवडही नाही, तो थकलेलाच राहतो.

मराठीत या संदर्भात ‘श्रमपरिहार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संमेलन वा लग्नकार्य पार पडले की ज्यांनी हातभार लावला त्यांची वेगळी पंगत बसते, त्या भोजनाला हे नाव आहे. जो राबला त्याचाच परिहार, ही त्यामागची अट. आणि तो एकट्याने करावयाचा नसतो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढते आणि सासवडला मुक्कामी येते, तेथेही असेच काहीसे दिसते. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. माथा आला की त्या बैलांनाही विसावा मिळतो. अर्थात या मुक्कामाचे आदर्शीकरण करू नये. वारकरी टेकतात तेव्हा सासवडच्या चुली आणि झाडू थांबलेले नसतात.

विसाव्याची ही वाटणी समाजाला जाणीवपूर्वक करता येते काय? चेन्नईच्या इतिहासात याची काही चिन्हे सापडतात. सिंगारवेलर यांनी भारतातला पहिला मे दिन १९२३ साली याच शहरात साजरा केला. मद्रासमध्ये माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा करुणानिधींच्या सरकारने १९७३ मध्ये बंद केल्या आणि ओढणाऱ्यांना सायकलरिक्षा दिल्या. २०२१ मध्ये तमिळनाडूच्या विधिमंडळाने दुकानांतील नोकरांसाठी बसावयास आसन असलेच पाहिजे, असा कायदा केला. दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेतीला खुर्ची मिळावी यासाठी कायदा लागावा, यातच या प्रश्नाची खोली कळते.

महाराष्ट्राला हा प्रश्न डोंगरावरच भेटला. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तेथील शांतता टिकली. पण त्याच शांततेत प्रवाशांना बसवून तांबड्या मातीच्या चढावर हातरिक्षा ओढणारी माणसे राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत थांबविण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याची योजना आखावयास शासनाला सांगितले. हा आदेश ज्या खटल्यात झाला, तो मुळात निलगिरीतील गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध १९९५ मध्ये दाखल झालेला होता. ओझे काढावयाचे तर त्याबरोबर भाकरी जाऊ नये, हे या आदेशाने ओळखले. ओझ्याकडे केवळ करुणेने पाहणाऱ्याकडून नेमके हेच निसटते.

तेव्हा पदयात्रीने अपराधी वाटून घ्यावे आणि चहाचा पेला बाजूला सारावा, असा याचा अर्थ नाही. त्याने पेला नाकारल्याने मळ्यातील कोणाचीही पाठ मोकळी होत नाही. ज्या गावात पाहुण्याला टेकता येते, त्या गावात यजमानाला, त्याच्या नोकराला आणि ओझेवाल्याला टेकता येते की नाही, ही त्या गावच्या विसाव्याची खरी कसोटी आहे. यातला काही भाग कायदा पाहील. तो खुर्ची देऊ शकतो, रिक्षा थांबवू शकतो. परंतु रात्री उशिरा चहासाठी कोणाला उठवावे आणि कोणाला झोपू द्यावे, हे कोणताही कायदा सांगू शकणार नाही. तेथे ज्याचा त्याचा विवेकच लागतो. लांबची वाट चालून आलेल्या माणसाजवळ तो असण्याची शक्यता इतरांहून थोडी अधिक आहे, कारण थकवा म्हणजे काय हे त्याच्या पायांना नुकतेच कळलेले असते. चालीतून त्याने काही कमावले असेल, तर ते हे कळणे होय.