दोरी खरी, दरीही खरी

संगमनेरला शाळेत संस्कृत शिकवायचे तेव्हा रज्जुसर्पाचा दृष्टान्त दर वर्षी यायचा. अंधारात दोरी साप वाटते, माणूस घाबरतो. दिवा आणला, दोरी दिसली, की भीती पळते. पोरं माना डोलवायची आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचे. हा दृष्टान्त किती दूर नेतो याचा विचार करायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, भंडारदऱ्याजवळच्या एका कॅम्पवर. भाचीनं हट्टानं नेलं होतं. आधी झाडाझाडांमधले दोरांचे आणि लटकत्या फळ्यांचे पूल, शेवटी ओढ्यावरून पलीकडे जाणारी झिपलाइन.

कमरेच्या हार्नेसला दोन पट्टे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक हुक. पुढच्या टप्प्यावर जाताना एक हुक सोडायचा, पुढच्या तारेत अडकवायचा, त्याची खिट्टी फिरवून बंद करायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत. आमच्याबरोबरचा पोरगा साम्रदचा. पावसाळा सरला की सांदण दरीत दोर लावायचे, हा त्याचा धंदा. झिपलाइनच्या फळीवर तो म्हणाला, "मावशी, हात तारेला लावू नका, पट्टा धरा. आन् वजन सोडा खाली, पायावर उभ्या नका राहू."

वजन सोडा म्हटल्यावर माझा सगळा वेदान्त अडला. तार पोलादी आहे, माझ्या दुप्पट वजनाचे गृहस्थ नुकतेच तिच्यावरून सुखरूप पलीकडे गेलेत, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. दोरी दोरीच आहे याबद्दल तिळमात्र संशय नव्हता. तरी गुडघे लटपटत होते.

परंपरेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चौदाव्या शतकातले विद्यारण्य पंचदशीत सांगतात की दोरी ओळखल्यावरही अंगाचा कंप एकदम जात नाही, हळूहळू शमतो. पण तो कंप गेलेल्या सापाचा. माझ्या पायाखाली साप नव्हता, खोली होती, आणि ती खोटी नव्हती. डेव्हिड ह्यूमनं 1739 साली उंच मनोऱ्याबाहेर लोखंडी पिंजऱ्यात टांगलेल्या माणसाचं उदाहरण दिलं: पिंजरा भक्कम आहे हे कळत असूनही तो थरथरतो. ह्यूम त्याचं खापर कल्पनेवर फोडतो. मला हे पटत नाही. शरीर म्हणतं खाली खोल आहे, बुद्धी म्हणते तार पक्की आहे. दोघांचंही खरंच आहे. मग एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याचं समाधान कसं व्हायचं?

श्रद्धेची आमच्या जिल्ह्यात वाण नाही. नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि शिर्डीची श्रद्धा-सबुरी तर ट्रकमागून ट्रक वाहतो. पण श्रद्धाळू म्हणजे ज्याला ना शंका ना भीती, असं आपण धरून चालतो. कळसूबाईच्या 1646 मीटरच्या शिखराकडे नवरात्रात बारीहून निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लोखंडी शिडीच्या पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळी लावतात आणि मग कठडा असा आवळून धरतात की बांगड्या मनगटात रुततात. देवीवर विश्वास कमी म्हणून धरतात का?

साम्रदच्या पोरानं तारेला नमस्कार केला, लगेच पुली ओढून पाहिली, माझं बक्कल पुन्हा तपासलं आणि जोडीदारालाही बघायला लावलं. मास्तरकीची खोड जात नाही, मी विचारलं, "नमस्कार केलास, आता देवावर सोडलं तर चालत नाही का?"

"देवाला कशाला कामाला लावायचं, मावशी? हुक आपल्याला बघता येतोय की."

कित्येक प्रवचनांत याहून कच्चं ऐकलंय. तपासणीला घाबरते ती श्रद्धा मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे. गीतेत सगळं सोडून मला शरण ये म्हणणारा कृष्णसुद्धा अवघे तीन श्लोक आधी अर्जुनाला म्हणतो की नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर. प्रवचनकार शरणागतीवर तासभर बोलतात, या श्लोकाची मात्र दोन मिनिटांत बोळवण.

गेले मी. वजन सोडलं आणि पलीकडच्या झाडाशी पोचेपर्यंत कंप होताच. तो थांबल्यावर निघायचं ठरवलं असतं, तर अजून फळीवरच असते. श्रद्धा म्हणजे आणखी पक्कं ज्ञान असं मला वाटत नाही. जेवढं तपासता येतं तेवढं तपासून झाल्यावर भार कुठं टाकायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो पाय लटपटत असतानाच सोडवावा लागतो.

अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते, साक्षात विश्वरूप दिसतं, याहून मोठा पुरावा तो कोणता; आणि तो हात जोडून कापत उभा राहतो. कृष्ण त्याला अश्रद्ध म्हणत नाही, सौम्य रूप घेऊन धीर देतो. पुढे अठराव्यात, सगळं ऐकून झाल्यावर अर्जुन सांगतो की मोह गेला, संशय गेला, आता तू म्हणशील तसं करीन. भीती गेली, असं मात्र तो तिथं म्हणत नाही.