नाव घेऊन बोलावलेला कारागीर

आजचा शास्त्रभाग : निर्गम 31:1-17; 35:30 ते 36:2



पाचारण म्हटलं की आपल्याला रात्री हाक ऐकणारा शमुवेल आठवतो, किंवा जाळी टाकून निघालेला पेत्र. बसालेल सहसा कुणाला आठवत नाही. पण निर्गमच्या 31व्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या बसालेलाला मी नाव घेऊन बोलावलंय आणि माझ्या आत्म्याने भरलंय. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ यांचं काम करायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला! पुढच्या यादीत कोश आहे, दीपवृक्ष आहे, गंगाळ आहे, याजकांचे कपडेसुद्धा आहेत. आणि या माणसाने उच्चारलेला एकही शब्द शास्त्रात नोंदलेला नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. देव बसालेलाशी थेट बोलला असं इथे कुठेच लिहिलेलं नाही. तो मोशेशी बोलला आणि मोशेने ते सगळ्या लोकांसमोर सांगितलं (35:30). म्हणजे शास्त्रात दिसतं त्याप्रमाणे बसालेलाचं पाचारण दुसऱ्या माणसाच्या तोंडून आलं. आपण मात्र स्वप्न, आवाज, 'कन्फर्मेशन' यांची वाट बघतो, आणि मंडळीतल्या वडिलांनी उपासनेनंतर पार्किंगमध्ये काही विचारलं की "बघतो हं काका, ऑफिसचं जरा प्रेशर आहे."

मलाही पार्किंगमध्येच विचारलं गेलं. मी उपासनेत गिटार वाजवतो, त्यामुळे तरुण संघाविषयी काहीतरी असेल असं वाटलं होतं. काका म्हणाले, "बाळा, कबरस्तानाचं रजिस्टर बघशील का?"

खरं सांगतो, मन काही लगेच उचंबळून आलं नाही. मोशेने बोलावलं त्यांच्या अंतःकरणात स्फूर्तीही होती, असं 36:2 म्हणतं. म्हणून मी दोन शनिवार मागून घेतले. जुन्या वह्या, पुसट शाई, नकाशा एक सांगतो आणि जमीन दुसरंच. शहरात जागा कमी, त्यामुळे घरात कुणी गेलं की आजोबांची कबर नेमकी कुठे आणि ती पुन्हा उघडता येईल का, हे काही तासांत सांगावं लागतं. कॉम्प्युटरवर नोंदी करणं हा त्यातला सोपा भाग. रात्री दोनला फोन उचलणं हे खरं काम. सर्व्हर पडला की मी दोनला उठतोच की!

दुसऱ्या शनिवारी एक आजी आल्या. 1974 साली गेलेल्या बाळाची कबर शोधत होत्या. भिंतीजवळ चिंच होती एवढीच खूण त्यांना आठवत होती, आणि चिंच कधीच तोडलेली. तासाभराने ओळ सापडली. बापाचं नाव, तारीख, आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'बाळ'. आजी म्हणाल्या, नाव ठेवलं होतं आम्ही. मी ते नव्या यादीत लिहून घेतलं. त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. संध्याकाळी मी काकांना हो कळवलं.

सगळंच सोडून पूर्णवेळ सेवेत जाण्याचं पाचारण असतं, ते मी नाकारत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्य ओतून मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. पण ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात जुळवणाऱ्या हातांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

आणखी एक, विशेषतः वीकेंडलाही ऑन-कॉल असणाऱ्यांसाठी. देवाने बसालेलाला एकटं सोडलं नाही, दान वंशातला अहलियाब सोबत दिला. मीही संघातली एक बहीण सोबतीला मागून घेतली आहे. आणि कामाची यादी संपताच, लगेच पुढच्या वचनापासून (31:12) देव शब्बाथाविषयी बोलू लागतो. निवासमंडपाचं पवित्र कामसुद्धा सातव्या दिवशी थांबायचं! त्यामुळे मयताचा फोन सोडून रविवारी रजिस्टर बंद, हे मी काकांना आधीच सांगून टाकलंय. ते हसले, पण कबूल झाले.

प्रार्थना : प्रभू येशू, मंडळीत ज्याला कुणी काही विचारलंय आणि जो "बघतो" म्हणून घरी आलाय, त्याला आज झोपण्याआधी तो प्रश्न पुन्हा आठवू दे. आमेन.