सही करण्याआधी

आमच्या दत्तक पालकांच्या गटाचं निवेदन आलंय. राज्य सरकारने वर्षातला एक दिवस ‘दत्तक दिन’ म्हणून जाहीर करावा, अशी मागणी आहे. दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्राची ‘कारा’ ही यंत्रणा नोव्हेंबर महिना जागृतीसाठी पाळते, पण महिना कुणाच्या लक्षात राहत नाही, तारीख राहते, असं गटाचं म्हणणं. पटतं मला. मग सही करताना हात का आखडतो?

असा दिवस मला आवडेल तो माझं कौतुक होईल म्हणून, हे आधी मान्य करते. लेक घरी आल्यापासून ‘केवढं पुण्य केलंत!’ हे ऐकत आलेय, आणि ‘छे हो, पुण्य कसलं’ असं म्हणताना आतून सुखावतही आलेय. खरं तर मूल आम्हाला हवं होतं. गरज आमची होती. त्या दिवशी माझा सत्कार झाला की मी उपकारकर्ती ठरते आणि लेक उपकाराखालची. वर्गात कुणी ‘आज तुझा दिवस ना?’ म्हणालं, तर तिने काय बोलायचं?

त्याहून जास्त टोचतो तो दत्तकासाठी भरलेला नोंदणीचा अर्ज. वय, मुलगा की मुलगी, तब्येत, सगळ्याची पसंती त्यात भरायची असते. आम्ही दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ मागितलं. बहुतेक जण तेच मागतात, म्हणून तर रांग हलत नाही. देशात हल्ली वर्षाला चार-साडेचार हजार मुलं दत्तक जातात. ताटकळलेले पालक त्याच्या कितीतरी पट. आणि सात-आठ वर्षांची, पाठच्या भावंडासकट आलेली, आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं बऱ्याचदा संस्थेतच मोठी होतात. नुसतं ‘दत्तक घ्या’ म्हटलं तर रांगेत माझ्यासारख्यांचीच भर पडेल. पण नऊ वर्षांची मुलगी तू घेतली असतीस का? याला आजही माझ्याकडून चटकन ‘हो’ निघत नाही.

दक्षिण कोरियाने 2005 मध्ये 11 मे हा दत्तक दिन ठरवला. 2011 पासून त्याच तारखेला तिथल्या अविवाहित आया आणि परदेशी दत्तक जाऊन मोठेपणी परतलेली माणसं एकल मातांचा दिवस पाळू लागली. आधार मिळाला असता तर मूल सोडावंच लागलं नसतं, हे त्यांचं सांगणं. आपल्याकडे मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचाराला कायद्याने 60 दिवस मिळतात. पण त्या दिवसांत तिच्या हाती ना पैसा, ना घर, ना पाठीशी कुणी असेल, तर ती कसला फेरविचार करणार?

जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते विधवांना निर्धास्त बाळंत होता यावं म्हणून. तिथे आलेल्या काशीबाई या विधवेच्या यशवंताला त्यांनी पोटाशी घेतलं ते पुढे, दहाएक वर्षांनी. आधी आईला आसरा, मग दत्तक. आमच्या निवेदनात आईचा उल्लेखच नाही.

मी दोन ओळी वाढवून मागणार आहे: सत्कार नकोत, आणि त्या दिवशी एकट्या आयांसाठीच्या मदतीचा हिशेब सरकारने मांडावा. आनंदाच्या दिवशी हे कशाला, असं गटात कुणी तरी म्हणेलच. ओळी नाही घातल्या तरी मी बहुधा सही करीन. चारचौघांत वाईटपणा घेणं मला जमत नाही.