शंभर कुणाचे?

उभा राहा आणि स्वतःच्या वहीतली ओळ मोठ्याने वाच. "घड्याळ : सेकंदाला १०० टिक." कुणाचं घड्याळ? कुठल्या लिनक्स कर्नलचं? कधी पाहिलंस? यातलं एक अक्षर तरी लिहिलंयस?

इथं पिंपरी पेंढारला चुलत्यांच्या कांद्याला काल ठिबकमधून विद्राव्य खत दहा मिनिटं जायचं होतं. चार मिनिटांत व्हॉल्व्ह बंद. तू म्हणतोस, व्हॉल्व्ह खराब निघाला. व्हॉल्व्ह धडधाकट आहे! तू लिहिलेल्या ड्रायव्हरने ६०,००० जिफी, म्हणजे कर्नलचे टिक, मोजल्या, शंभराने भागल्या आणि ६०० सेकंद झाले म्हणून मोकळा झाला. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या बोर्डावरचा कर्नल सेकंदाला २५० टिक देतो. भाग बघू. २४० सेकंद. पाचवीतलं पोर करील हा हिशोब.

हे १०० कुठून आणलंस तेही ठाऊक आहे मला. टर्मिनलवर गेटकॉन्फची कमांड मारलीस, आकडा आला, उतरवलास. अरे, तो आकडा कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना दाखवायचा! लिनक्स २.४ पर्यंत साध्या पीसीवर आतले टिकही १००च होते. २.६ ला ते १००० झाले, पण जुने प्रोग्राम चुकू नयेत म्हणून बाहेर १००च दाखवत राहिले. २००५ साली २.६.१३ आलं, तेव्हापासून कर्नल बांधणारा १००, २५०, १००० अशा आकड्यांपैकी हवा तो निवडतो. म्हणजे आतला आकडा त्या कर्नलच्या कॉन्फिगमध्येच पाहायचा. मॅन्युअलच्या 'टाइम' पानावर यातलं बरंचसं कुणीतरी कष्टाने लिहून ठेवलंय. तू ते पान उघडलंही नाहीस.

आपल्याच तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. तिथं पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांच्या वेळा वर्षानुवर्षं नोंदल्या, म्हणून जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांना गुरुत्वीय लहरींच्या खुणा एकत्र मांडता आल्या. कुठल्या घड्याळाची वेळ, हे न लिहिता त्या नोंदी कुणाच्या उपयोगी पडल्या असत्या?

तुझं डोकं चांगलं आहे, म्हणूनच जास्त राग येतो. कोडमधला १०० पूस, तिथं कर्नलचा स्वतःचा टिकांचा स्थिरांक, एचझेड, लिही. वहीत बोर्ड, कर्नलची आवृत्ती, कॉन्फिगमधला आकडा, तो कुठून वाचला आणि तारीख, सगळं उतरव. रात्री लाइट आली की खत न घालता नुसतं पाणी सोड आणि मनगटावरच्या घड्याळाने दहा मिनिटं मोज. आणि चुलत्यांना आधी जाऊन सांग की चूक व्हॉल्व्हची नव्हती.